ओट्यापुढची चप्पल

एक्स-रेमध्ये माझ्या टाचेच्या हाडाला काट्यासारखं टोक आलेलं दिसत होतं. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की डोळ्यांत पाणी यायचं. थोडं चालल्यावर बरं वाटायचं आणि ओट्यापुढे स्वयंपाक होईपर्यंत पुन्हा तेच. डॉक्टरांच्या गोळ्यांनी पोटात आग पडायला लागली, तेव्हा नवऱ्याने मला गाडीवर बसवून आमच्या कुडवा गावाहून गोंदियाच्या बाजारातल्या एका युनानी हकिमांकडे नेलं.

हकीम वयस्कर होते. नाडी पाहिली, अंगठ्याने टाच दाबत मी कुठे कळवळते ते बघितलं. वाढलेलं हाड विरघळणार नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं; सूज उतरेल आणि दुखणं कमी होईल. लावायला तेल दिलं, माजून म्हणजे मधात कालवलेलं चाटण दिलं, आणि रोज मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवायला सांगितलं. निघताना म्हणाले, "नंगे पाँव फ़र्श पर खड़ी मत रहना, बेटी. रसोई में भी नहीं. वरना ये सब बेकार है."

तेलाला घरात कोणाची हरकत नव्हती. सासूबाई स्वतः ते कोमट करून माझ्या टाचेला चोळायच्या. त्यांचा हात चांगला आहे, हे सांगितलंच पाहिजे. चाटण आणि गरम पाणीही वेळेवर मिळायचं. अडलं ते चपलेवर. मऊ तळाची नवी जोडी मी आणली होती, अंगणातसुद्धा न वापरलेली, फक्त ओट्यापुढे उभं राहण्यासाठी. सासूबाईंनी ती उचलून दाराबाहेर ठेवली. स्वयंपाकघरात देव आहेत.

"आमी काय चपला घालून रांधत होतो का?" त्या म्हणाल्या. "हकिमाले काय जाते सांगाले."

नवरा म्हणाला, आईचं वय झालं, तिच्याशी वाद कायले घालतेस. माझ्या टाचेसाठी तेल गरम करणारं घर त्याच टाचेवर मला दोन्ही वेळा थंड फरशीवर उभं करत होतं. कोणाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. ओट्यापुढे दुसऱ्या कोणी उभं राहावं, हे तर कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

दुखणं हललं नाही. औषधात दम नाही, असं घरात ठरलं, आणि जाब विचारायच्या थाटात नवरा मला पुन्हा हकिमांकडे घेऊन गेला. काहीच फरक पडला नाही, असं त्याने सांगितलं. हकिमांनी चपलेचं विचारलं.

"हाँ, पहनती है," नवरा म्हणाला. जराही न अडखळता.

"पहनने नहीं देते," मी म्हटलं.

हकिमांनी हातातली तेलाची बाटली परत फळीवर ठेवली आणि नवऱ्याकडे पाहिलं. "फिर दवा किसके लिए ले जा रहे हो?"

घरी आल्याबरोबर मी गॅसची शेगडी उचलून मागच्या पडवीतल्या जुन्या टेबलावर ठेवली. सिलिंडरही ओढत नेला. टाचेतून कळ मस्तकात गेली, पण मदतीला मी कोणाला हाक मारली नाही. नळी जोडली, चपला घातल्या आणि भात टाकला.

सासूबाई दारात आल्या. "हे काय करून राहिली?"

"टाच बरी करून राहिले."

नैवेद्याचं काय, असं त्यांनी विचारलं. इथेच शिजेल, तुम्ही आत न्या, असं मी सांगितलं. त्या पाठ फिरवून आत गेल्या. भात मात्र सगळ्यांनी खाल्ला.

शेगडी अजून पडवीतच आहे. वाऱ्याने आच हलते म्हणून नवऱ्याने एका बाजूला पत्रा ठोकून दिला. चपला आत चालतील, असं मात्र तो आजवर म्हणाला नाही. सकाळी पाय टेकवताना आता भीती वाटत नाही. घरी येणाऱ्यांना सासूबाई हकिमांच्या तेलाचा गुण सांगतात. चपलेचा विषय त्या काढत नाहीत.

परवा शेजारची सून लंगडत आली आणि तेलाचा पत्ता मागू लागली. मी पत्ता दिला. मग सासूबाईंसमोरच विचारलं, तुमच्या स्वयंपाकघरात चप्पल चालते का?

उत्तर देण्याआधी तिने माझ्या सासूबाईंकडे पाहिलं.