फळीवर हलकं होणारं पोतं

कचरूचा दिवस पहाटे पाचाला सुरू व्हायचा. मार्केट यार्डातल्या भुसार गाळ्यावर ट्रक लागायचा नऊनंतर, आणि धायरीहून तिथं पोचायला तासभर पुरायचा. पण अंगाला वेळ लागायचा. कंबर एकदम उठत नसे. आधी कुशीवर, मग कोपरावर, मग भिंत धरून. बायको इंदुबाई कोमट तेल पाठीला चोळायची आणि म्हणायची, "अहो, आता पुरे करा की."

"फळी चढतोय तोवर काळजी नाय," तो म्हणायचा.

फळी म्हणजे जमिनीवरून ट्रकाला टेकवलेला लाकडी तक्ता. क्विंटलचं पोतं पाठीवर घेऊन तिच्यावरून चढायचं. हमालाची परीक्षा सपाटीवर होत नाही, तिथं होते. टोळीत मजुरी सगळ्यांना सारखी वाटली जायची, म्हणून ओझंही सारखंच उचलायचं. ज्याला फळी झेपत नाही, त्यानं आपणहून बाजूला व्हायचं. हा नियम कचरू दर नव्या माणसाला ऐकवायचा.

स्वतः तो साठीला टेकला होता आणि अजून चढत होता. सपाटीवर पोतं जड लागायचं, गुडघे कुरकुरायचे. पण फळीवर पाय पडला, की चार पावलांत पोतं हलकं व्हायचं. त्याचं कचरूनं शास्त्रच बसवलं होतं.

"चढाला लागताना श्वास छातीत कोंडायचा. टाच टेकवायची नाय. पोतं आपसूक वर जातं."

टोळीतले माना खाली घालून तंबाखू मळायचे. त्याच्या मागोमाग चालणारा सुखदेव म्हणायचा, "खरंय दादा. तुमच्यासारखी छाती आमच्याकडं कुठली?"

हिंजवडीत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या त्या वर्षांतली ही गोष्ट. तिथं कॉम्प्युटरवर काम करणारा शुभंकर नावाचा तरुण एका शनिवारी कॅमेरा घेऊन गाळ्यावर आला. त्याला मूकपट काढायचा होता. काळापांढरा, हसवणारा.

"काका, कुणी काही बोलायचं नाही."

"मग लोकांना कळंल कसं?"

"तुमच्या अंगावरून कळेल. एक हमाल आहे. तो चहा घेतो. पहिला घोट घ्यायच्या आत हाक येते, पोतं उचलावं लागतं. परत येतो तर चहा गार. पुन्हा घेतो, पुन्हा हाक. दिवस संपतो, पण चहा काही मिळत नाही."

"हे तर आमचं रोजचंच हाय."

"म्हणून तर गंमत आहे."

"ह्यात गंमत कुठं हाय?"

"दादा, चहा फुकट हाय," सुखदेव म्हणाला. "ही गंमत धरा."

चहाचे प्रसंग कचरूला पुन्हा पुन्हा करावे लागले. त्याला लाज वाटली, पण त्यानं केले. काम मात्र शुभंकरनं खरंखुरं टिपलं. पोत्यांच्या थप्पीवर चढून तो कॅमेरा लावून बसला. भरायचा ट्रक कॅमेऱ्यासाठी थांबत नाही. थोड्या वेळानं तो वर बसलाय हे सगळे विसरून गेले.

मूकपट दाखवला सदाशिव पेठेतल्या एका छोट्या सभागृहात. टोळी धुतलेले कपडे घालून आली. कचरूच्या एका बाजूला इंदुबाई, दुसऱ्या बाजूला सुखदेव. मागे सगळी शुभंकरच्या कंपनीतली मंडळी.

चहा पहिल्यांदा गार झाला तेव्हा लोक हसले. दुसऱ्यांदा जास्त हसले. इंदुबाई पदर तोंडाला लावून हसली. कचरूलाही हसू आलं.

मग फळी आली.

पडद्यावर कचरू पाठमोरा चढत होता. पोत्याखाली नुसते दोन पाय दिसत होते, आणि ते लटलट कापत होते. तेवढ्यात मागून एक हात आला. सुखदेवाचा. त्याच्या स्वतःच्या पाठीवर पोतं होतं, तरी मोकळा हात पुढं करून त्यानं कचरूच्या पोत्याचं बूड उचलून धरलं. पाय कापायचे थांबले. पोतं भराभर वर गेलं. कचरूनं ते ट्रकात टाकून वळून बघितलं, तेव्हा तो हात डोकं खाजवत होता.

सभागृह खदखदून हसलं.

पुन्हा फळी, पुन्हा हात. कचरू वळला, हात कानाशी. पुन्हा फळी. या खेपेला मागं टोळीतला बद्रीनाथ होता, त्याचाही हात. शुभंकरनं सगळं वेगात पळवलं होतं. फळी, हात, वळणं, कान खाजवणं. लोकांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

कचरू पडद्यावरून नजर काढून वळला. शेजारी सुखदेव हसायचा थांबला होता. तो समोर न बघता आपल्या चपलांकडं बघत होता.

हे नाटक नव्हतं. असं करा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. कचरू एवढ्या माणसांत एकटाच गार पडला.

दिवे लागले. शुभंकर धावत आला. "काका, तो मागच्या हाताचा विनोद कुणी सुचवला? सगळ्यात मोठा हशा तिथेच पडला!"

"ह्यांनीच," कचरू टोळीकडं बोट दाखवून म्हणाला आणि बाहेर निघून गेला.

सुखदेव बाहेर येताच त्यानं त्याला फुटपाथवर गाठलं.

"कधीपासून?"

"दादा, राहू द्या ना."

"कधीपासून, सुख्या?"

"दोन दिवाळ्या झाल्या. तुम्ही एकदा फळीवर झोकांडी खाल्ली, तवापासनं."

"आणि मी तुम्हाला श्वास कोंडायला शिकवीत होतो."

"नुसता टेकू होता, दादा."

"टेकूनं क्विंटल हलका होत नाय. मला शिकवू नको. तुझ्या पाठीवर तुझं, हातावर माझं, आणि मजुरी सारखी? तोंड नव्हतं का तुला?"

"कसं सांगणार? तुम्ही गेला असता."

"जायलाच पाहिजे होतं!"

इंदुबाईनं त्याचा हात धरला. त्यानं तो हिसडून सोडवला. बसमध्ये तो धायरीपर्यंत उभा राहिला. बसायला जागा होती.

सोमवारी तो रांगेत सगळ्यांच्या शेवटी उभा राहिला.

"दादा, पुढं व्हा," सुखदेव म्हणाला.

"माझ्या मागं कुणी यायचं नाय. पोतं टाकलं की फळीवरनं परत येऊ नका, खाली उतरायला हाय ना गाडीची दुसरी बाजू? तिकडनं उतरा."

पहिलं पोतं त्यानं चढवलं. श्वास कोंडला, टाच उचलली. पोतं हलकं झालं नाही. ते होतं तेवढंच होतं. दुसरं चढवलं. तिसऱ्याला फळीच्या मधोमध पाय थांबले. पुढं जाईनात, मागं येईनात. घाम नाकावरून फळीवर टपकत होता. ट्रकातून बद्रीनाथानं हात पुढं केला.

"हात लावू नको."

सगळे थांबले. गाळ्याचा मालकही बाहेर आला. कुणी हसलं नाही. कचरूनं एक पाय उचलला, टेकवला. मग दुसरा. पोतं ट्रकात पडलं आणि तो त्याच्यावरच बसला.

"झालं," तो म्हणाला. "माझा नियम मलाबी लागू."

सुखदेव ट्रकाला टेकून रडत होता. कचरूनं त्याच्याकडं बघितलं. "रडायला काय झालं? आता तुझा एक हात मोकळा झाला."

मालकानं त्याला गाळ्यावरच फाटकी पोती शिवायला बसवलं. मजुरी कमी, पण बसून. मोठी सुई, सुतळी आणि सावली. कचरूनं सुई हातात घेतली आणि त्याला दुसरा धक्का बसला. सुईचं भोक दिसतच नव्हतं. तीस वर्षं त्यानं जवळचं काही बघितलंच नव्हतं. पोत्याखाली मान घातली, की दिसते ती फक्त पुढची जमीन.

सुखदेव म्हणाला, "ओवून देऊ का, दादा?"

"नको."

सोमवारी चढवलेल्या पोत्यांची मजुरी त्यानं टोळीकडून तेवढीच मागून घेतली, त्याच्यावर एक पैसा नाही. ती घेऊन तो सदाशिव पेठेत चष्म्याच्या दुकानात गेला. दुकानदारानं डोळे तपासले, अक्षरांचा कागद समोर धरला. कचरू म्हणाला, "अक्षरं राहू द्या. सुई आणलीय." आणि त्याच मजुरीत बसणारा, जुन्या फ्रेमचा, जवळचं दिसायचा चष्मा त्यानं घेतला.