बाराच्या गोळीचा टाइम

पोलीस सेवेत खुनाची प्रकरणे पुष्कळ हाताळली. ती आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. गोळ्यांच्या चार पाकिटांची ही जप्ती मात्र जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे.

सकाळीच ठाण्यात निनावी फोन आला. नागपूरच्या कर्करोग रुग्णालयातली एक परिचारिका मॉर्फिनच्या गोळ्या बाहेर नेते, आज खापरखेड्याच्या बसमध्ये चढणार आहे. पंच घेऊन आम्ही थांब्यावर गेलो. तिच्या पिशवीत जेवणाचा डबा आणि चार पाकिटे निघाली. जागेवरच पंचनामा करून मुद्देमाल सील केला.

चाळिशीतली बाई. महिला शिपायासमोर मी तिची तीन तास चौकशी केली. कोणाला विकता, पुरवठा कुठून होतो, काही बोलेना. तिच्या गप्प बसण्यामागे मला टोळी दिसत होती. एकाएकी तिनेच वेळ विचारली. एक वाजला होता.

“साहेब, बाराच्या गोळीचा टाइम निघून गेला. मले आत टाका, पण त्याले गोळी पोचवा.”

मग सगळे बाहेर आले. खापरखेड्याच्या वीज केंद्रातला एक निवृत्त कामगार, जबड्याचा कर्करोग, शेवटचे दिवस. त्याला रुग्णालयातून मिळालेल्या गोळ्या संपल्या होत्या आणि त्याच्या भागातले एकही औषध दुकान मॉर्फिन ठेवत नव्हते. मृत रुग्णांचे नातेवाईक उरलेल्या गोळ्या रुग्णालयात परत आणून देत. त्या नोंद करून नष्ट करायच्या असतात. ही परिचारिका त्या या कामगाराला नेऊन देई. त्याचे नाव सांगितले तर पोलीस त्या घरात शिरतील, म्हणून ती गप्प होती.

आम्ही शिरलोच. दार त्याच्या बायकोने उघडले.

“सिस्टर काहून नाही आली?”

आत तो भिंतीवर डोके घासत होता. तिने एकच गोळी मागितली. मुद्देमाल न्यायालयाच्या आदेशाशिवाय उघडता येत नाही, असे मी तिला सांगितले. रुग्णालयातल्या डॉक्टरांना फोन लावला. डोस चुकल्याने दुखणे हाताबाहेर गेले आहे, आता इंजेक्शनच लागेल, इकडे आणा, असे ते म्हणाले. रुग्णवाहिकेत प्रत्येक खड्ड्याला तो ओरडत होता. नागपूर येण्याआधीच गेला; शेवटपर्यंत शुद्धीवर होता.

परिचारिकेवर दोषारोपपत्र गेले, नोकरीही गेली. तपासाबद्दल वरिष्ठांनी माझे कौतुक केले.

आयुष्यभर मी या गोळ्यांकडे नशा म्हणूनच पाहिले. ते औषध आहे हे त्या दिवशी कळले, तेही उशिरा. सकाळीच रुग्णालयात एक फोन करून ती कोणासाठी गोळ्या नेते एवढे विचारले असते, तर डॉक्टरांनी रीतसर गोळ्या पाठवल्या असत्या. माणूस वाचला नसताच. पण आपल्या खाटेवर, बायकोजवळ, शांतपणे गेला असता. हे त्याच्या बायकोला सांगायला दोनदा खापरखेड्याला गेलो आणि दोन्ही वेळा दारावरूनच परत आलो.