अकरा वाजता सुटलेली शाळा

तिसरीच्या बाईंना त्यांच्या पाठीमागे सगळी शाळा 'कोणाला बाई' म्हणायची, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. मूल वही घेऊन आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "कोणाला लिहिलंयस?" पानाच्या वर वाचणाऱ्याचा उल्लेख नसेल तर बाई पुढचं एक अक्षर वाचत नसत. मग मूल निमूट माघारी जाई आणि लिहून आणी, 'आजीला', 'दुकानदाराला', 'पुढच्या वर्षीच्या तिसरीला'.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते घरातून. नवरा शिंपी. गिऱ्हाईक कापड टाकून घाईने निघालं की तो हाक मारून परत बोलवी, "अहो, घालणार कोण ते तरी सांगून जा." पंधरा वर्षं बाईंनी हे ऐकलं, आणि तीच पंधरा वर्षं फळ्यावर 'माझी शाळा' हा निबंध लिहून पोरांकडून उतरवून घेतला. चाळीस वह्यांत एकच शाळा, एकच बाग, बागेत तीच रंगीबेरंगी फुलं. आता या शाळेला बाग कुठली आलीय? मागे पाण्याची टाकी आणि मोडक्या बाकांचा ढीग. एका वर्षी वह्या तपासता तपासता बाईंना स्वतःचीच लाज वाटली आणि दुसऱ्या दिवसापासून फळ्यावरचा निबंध बंद झाला. त्याच्या जागी पत्र आलं, तक्रार आली, बातमी, गोष्ट, सूचना, सगळं आलं. कपाटाचं अडणारं कुलूप कसं उघडायचं याची कृती एकाने लिहायची आणि ती वाचून दुसऱ्याने कुलूप उघडायचं. नाही उघडलं तर कृती पुन्हा लिहायची. एकदा त्या कुलपापायी खडू दोन दिवस कपाटातच अडकून पडले, पण बाई हटल्या नाहीत.

मुख्याध्यापक सरांना ही सगळी थेरं वाटत. तपासणीला आलेल्या साहेबांना चाळीस वह्या एकसारख्या दिसल्या की डोक्याला ताप नसतो, असं त्यांचं सरळ मत होतं. तरी निकाल बरे लागत होते, म्हणून ते गप्प होते.

घोळ झाला तो सूचनेमुळे. वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे टाचणी म्हणत. अंगाने एवढीशी, आणि तोंडातून शब्द काढेल तर शपथ. सराव म्हणून तिने लिहिलं: 'सर्व पालकांना. टाकी धुवायची असल्यामुळे शुक्रवारी शाळेत पाणी नसेल. शाळा अकरा वाजता सुटेल. मुलांना न्यायला यावे.' बाईंनी खूश होऊन तो कागद वर्गाबाहेरच्या दोरीवर चिमट्याने टांगला. शिपाईमामांनी तो येता-जाता वाचला. कारण, वार, वेळ, सगळं जिथल्या तिथे. अक्षर तर सरांपेक्षा चांगलं. सरांची सूचना चुकून इथे राहिली असणार, असं समजून मामांनी ती इमानेइतबारे नेऊन फाटकावरच्या फलकात लावली.

शुक्रवारी अकराच्या ठोक्याला फाटकाशी दीडशे माणसं उभी. कोणी कारखान्याची पाळी सोडून आलेलं, कोणी दुकानाला कुलूप लावून. सर बाहेर येऊन घसा फोडून सांगत होते की शाळा सुटलेली नाही, पण ऐकतो कोण? "लेखी आहे ना," एवढंच म्हणून एका आजोबांनी नातवाचं दप्तर खांद्याला लावलं आणि वाट धरली. सव्वाअकराला शाळेत शिक्षक, सर आणि भरलेली टाकी एवढंच उरलं.

सरांनी बाईंना खोलीत बोलावलं.

"सोमवारी शाळा सुटायच्या आत मला लिहून द्या की फळ्यावरचे निबंध पुन्हा सुरू करते. नाहीतर तिसरी दुसऱ्या बाईंकडे जाईल आणि तुम्ही ग्रंथालयात पुस्तकांच्या याद्या करा."

"चूक माझी आहे, सर. वर 'सराव' असं लिहून घ्यायला हवं होतं. घरोघर जाऊन माफी मागते. पण ते मी लिहून देणार नाही."

शनिवार-रविवार बाई जिने चढल्या आणि उतरल्या. काहींनी चहा पाजला, काहींनी दारातच चार शब्द सुनावले. टाचणीच्या आईने तर नुसतंच विचारलं, "पण ती लिहिते?" घरी पाय चोळत बसल्या तेव्हा नवरा म्हणाला, "अगं, एक कागदच मागतायत ना? देऊन टाक आणि वर्गात कर तुला हवं ते."

"खोटं लिहून देऊ? मग उद्या कोणत्या तोंडाने पोरांच्या वह्या तपासू?"

नवऱ्याने उठून गरम पाण्याची बादली आणली आणि त्यांच्या पायाशी ठेवली.

सोमवारी बाईंनी वर्गाला सगळं जसंच्या तसं सांगितलं. हा कदाचित लिहिण्याचा शेवटचा तास, ज्याला जे लिहायचं असेल त्याला ते लिहा. वर्ग माना खाली घालून लिहायला लागला. टाचणीने दहा मिनिटांत कागद संपवला, घडी घातली, आणि बाईंना न दाखवताच ती दाराबाहेर पडली.

थोड्या वेळाने शिपाईमामा बाईंना बोलवायला आले. सरांनी कागद पुढे सरकवला.

'मुख्याध्यापक सरांना. तुम्ही रागावला आहात म्हणून थोडक्यात लिहिते. शाळा सुटणार हे खरं नव्हतं, तो माझा सराव होता. तरी मोठ्या माणसांना ते खरं वाटलं. इतकं नीट लिहायला मला बाईंनी शिकवलं. मला शिक्षा करा. लिहिण्याचा तास बंद करू नका.'

"हे तुम्हीच सांगून लिहून घेतलंत," सर म्हणाले.

"मला इतकं थोडक्यात कुठे जमतं, सर?"

टाचणी कपाटाला टेकून उभी होती. सर तिच्याकडे वळले. "काय गं, एवढंच का लिहिलंस? बाकीची मुलं तर पानभर लिहितात."

"तुम्ही पानभर वाचत नाही," टाचणी जमिनीकडे बघत म्हणाली.

सरांनी लाल पेन उघडलं, कागदावर वरून खाली फिरवलं, पुन्हा एकदा फिरवलं. खूण करायला जागा सापडेना. शेवटी त्यांनी खालच्या रिकाम्या जागेत दोन ओळी लिहिल्या: 'लिहिण्याचा तास चालू राहील. कोणतीही सूचना लावण्याआधी मला दाखवणे.' आणि कागद टाचणीच्या हातात दिला.

टाचणीने तो उभ्या उभ्या दोनदा वाचला आणि परत टेबलावर ठेवला.

"सर, सही राहिली."

सरांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं आणि सही केली.