सशाच्या मानेतली शीर

बाबांच्या बायपासमध्ये पायातली शीर काढून हृदयाला जोडली होती. काही वर्षांतच तीही आतून चरबीने अरुंद होत गेली. "शिरेला धमनीचा दाब सोसत नाही," डॉक्टर म्हणाले.

"यावर औषध?"

"ते तुम्हीच शोधा की!"

मी पशुवैद्य, अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेत नोकरीला. तिथे याच आजारावरच्या औषधाचं काम सुरू होणार होतं. त्यासाठी मी स्वतःहून नाव दिलं.

औषध तपासायचं तर आधी तो आजार प्राण्यात जसाच्या तसा उभा करावा लागतो. सशाला भूल द्यायची, मानेतली शीर काढून शेजारच्या धमनीत जोडायची आणि मग कोलेस्टेरॉल मिसळलेलं खाद्य द्यायचं. पण आमच्या शिरा एक-दोन दिवसांतच गुठळीने बंद पडत. माझी जोडीदारीण उल्हासनगरची सिंधी सर्जन. तिचे टाके इतके सुबक, की दोष द्यायला जागा नव्हती.

शेवटी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी बोलावलं. "प्राणी वाया घालवायची परवानगी नाही आपल्याला. बंद करू या."

"एकच संधी द्या," मी म्हटलं. त्यांनी ती दिली.

त्या रविवारी बेलवलीच्या घरी शस्त्रक्रियेचं चित्रीकरण लावून बसले. बाबाही शेजारी येऊन बसले. "त्याला दुखत नाही ना गं?" त्यांनी विचारलं. भूल दिलीय म्हटल्यावर निवांत झाले. मी मात्र चिमट्याकडे पाहत राहिले. आम्ही शीर थेट चिमट्यात धरत होतो, वर गळती तपासायला सलाइन भरून फुगवत होतो. आतलं नाजूक अस्तर तिथेच खरवडलं जात असणार, म्हणूनच गुठळी!

सोमवारी जोडीदारणीला सांगितलं, "शिरेला हात लावायचा नाही."

"मग उचलू कशी? फूंक मारके?"

"भोवतालच्या चरबीसकट काढ. चिमटा चरबीला लाव. आणि फुगवायची नाही."

ती हसली, पण तिने तसंच केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सशाच्या मानेवर रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारा डॉप्लर टेकवला आणि खोलीभर आवाज घुमला, शूं... शूं... शूं...

"अरे, चल रहा है!" ती इतक्या जोरात ओरडली, की ससा दचकून कोपऱ्यात पळाला.

पुढचे ससेही तसेच निघाले. काही आठवड्यांनी पहिल्या सशाला वेदनारहित मरण दिलं. त्याच्या शिरेचा काप मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. जाड झालेली भिंत, तिच्यात चरबीने फुगलेल्या पेशी, अगदी माणसाच्या निकामी शिरेत दिसतात तशा. मॅडमनी पाहिलं आणि डोळा न काढताच म्हणाल्या, "हाच आजार आहे."

घरी येऊन बाबांना मोबाइलवर फोटो दाखवला.

"माझ्यात हेच होतंय?"

"हेच. आता यावर औषध तपासता येईल."

त्यांनी फोटो मोठा करून पाहिला, मग शेजारच्या काकांना हाक मारली. "अहो, इकडे या! आमच्या पोरीने काय केलंय बघा!"