खंडेनवमीची डिस्क

सर्व्हर विकणं सोपं असतं. त्याचा बॅकअप घ्या, हे पटवणं म्हणजे धडधाकट माणसाला दवाखान्यात न्यायला निघाल्यासारखं. "मला काय झालंय?" असा चेहरा करून सगळे माझ्याकडे बघतात. बेळगाव-निपाणी पट्ट्यात हे चेहरे बघतच माझी नोकरी चाललीय.

निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्यानं तर "बॅकअप हाय की म्याडम!" म्हणून मला कौतुकानं इन्व्हर्टरची बॅटरी दाखवली होती. मच्छेतल्या एका फौंड्रीत मी रात्री आपोआप प्रत घेणारं सॉफ्टवेअर बसवलं, आणि तिथला वॉचमन संध्याकाळी सगळे गेले की इमानेइतबारे मेन स्विच खाली ओढायचा. रोज इशाऱ्याचा ईमेल मालकांना जायचा. "जाहिराती लई येतात," म्हणून त्यांनी तो कधीच बंद करून टाकला होता. अशा वेळी हसावं की डोकं आपटून घ्यावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण वडगावच्या साडी कारखान्याइतका माझा जीव कुणीच खाल्ला नाही. पॉवरलूमचा कारखाना, मालक चाळिशीतला, कामाला वाघ. त्याचे वडील, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, दाराशी खुर्ची टाकून मागांचा आवाज ऐकत बसायचे. त्यांची नजर जवळपास गेली होती. उमेदीच्या वयात आप्पांनी साड्यांचे काठ आणि पदर चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून काढले होते. पोपट, कमळं, रुईफुलं, कसल्या कसल्या वेली. ते कागद स्कॅन करून सर्व्हरवर चढवले, आणि पुढं कागदांच्या गठ्ठ्याला वाळवी लागली. म्हणजे आप्पांचं आयुष्यभराचं काम आता फक्त त्या सर्व्हरवर होतं. ते पुन्हा काढायला आप्पांकडे डोळे नव्हते.

म्हणून तिथं मी हट्टाला पेटले. सर्व्हरशेजारी प्रती साठवणारं दुसरं यंत्र, एक काळी पेटी, बसवलं आणि रोज एक प्रत तिच्यात जाईल असं केलं. "आणि तिसरी कारखान्याच्या बाहेर हवी," म्हटलं. "इथं आग लागली, पाणी शिरलं, तर?" इंटरनेटवर ठेवायला मालक तयार नव्हता. डिझाइन फुटेल ही भीती. शेवटी एक हातात मावणारी डिस्क आणली. दर आठवड्याला मी ती वडगावला न्यायची, ताजी प्रत भरायची आणि कंग्राळीला आमच्या घरी माझ्या कपाटात ठेवायची. प्रत उघडते का, हेही अधूनमधून बघू म्हटलं तर मालक म्हणाला, "बिघडल्याशिवाय कशाला उघडायचं?" मी हात टेकले आणि घरी आपली आपण तपासत राहिले.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला.

"म्याडम, तुमच्याकडली डिस्क उद्या आणा. पूजेला लागती."

"आणणार नाही."

"असं कसं? माग पुजायचे, सर्व्हर पुजायचा, आणि ती एकटीच बाहेर? घरातल्या एकाला जेवायला न बोलावल्यासारखं होतंय."

"तिन्ही एका जागी आणायच्या असत्या तर मी वर्षभर हेलपाटे कशाला घातले?" माझा आवाज चढला. त्यानं रागानं फोन ठेवला. मीही ठेवला. पूजेला माझी ना नव्हती, पण त्या दिवशी माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती.

दसऱ्याला सकाळी पुन्हा त्याचाच फोन. आवाज पार पडलेला. "सर्व्हर चालू केला, आणि वास आला. आता काहीच लागंना."

वडगावला पोचले. मागांना झेंडूच्या माळा, सर्व्हरला माळ, काळ्या पेटीला माळ, आणि खोलीभर जळका वास. खंडेनवमीला माग कसे साफ करतात? कॉम्प्रेसरच्या हवेनं सुताची धूळ उडवायची आणि फिरत्या भागांना तेल घालायचं. यांनी सर्व्हर आणि काळी पेटी दोन्ही उघडून त्यांचंही तेच केलं होतं. त्या कॉम्प्रेसरच्या टाकीत साचलेलं पाणी हवेबरोबर आत फवारलं गेलं होतं.

"हे चिकट काय आहे?"

"पंखा कुरकुरत होता," मालक खाली बघत म्हणाला. "मागाचं तेल दोन थेंब सोडलं."

मी कपाळावर हात मारून घेतला. दोन्ही यंत्रांमधल्या डिस्क करपल्या होत्या.

दाराशी आप्पा बसलेले. आज मागांचाही आवाज नव्हता. त्यांनी मान माझ्या दिशेला वळवली. "गेलं व्हय गं पोरी सगळं?"

"नाही आप्पा. माझ्या घरी आहे," मी म्हटलं, आणि खरं सांगते, मालकाकडे बघून जरा ताठ मानेनं म्हटलं. मग स्कूटर काढून सणाच्या गर्दीतून कंग्राळी गाठली.

कपाटात डिस्क नव्हती.

"आई!"

मी सकाळी निघाल्यावर आईनं देवघरासमोर दसऱ्याच्या पूजेचा पाट मांडला होता. त्यावर बाबांचे विळे, कोयता, भावाची पान्ह्यांची पेटी, आईची विळी, आणि या सगळ्यांच्या मधोमध माझी डिस्क. हळद, कुंकू, अक्षता, वर झेंडूचं फूल. केबल लावायच्या खाचेत कुंकू गच्च बसलेलं. मी उचलायला हात घातला तशी आई स्वयंपाकघरातून धावत आली.

"हात लावू नगंस! पूजा उठायची हाय अजून. बाबा येऊ देत."

"आई, ही धुतलीस का? खरं सांग."

"विळे धुतले. ही न्हाय. फुलानं जरासं पाणी शिंपडलं फक्त."

"पण कुणी सांगितलं होतं तुला हिला इथं ठेवायला?" मी अक्षरशः किंचाळले. सगळ्या गावाला अक्कल शिकवत फिरायचं आणि आपल्याच घरात हे!

आई गोंधळली. पदरानं हात पुसत म्हणाली, "बाबांचं हत्यार हाय, भावाचं हाय. तुझंच दरवर्षी काय दिसत न्हाय पाटावर. तू हिला एवढं जपतीस, म्हटलं तुझं हत्यार हेच असंल."

माझा राग एकदम कुठं ठेवावा तेच कळेना. इतकी वर्षं मी काय करते हे आईला सांगता आलं नव्हतं. 'कंप्युटरचं' एवढंच ती शेजारणींना सांगायची. मग मी खाली बसले आणि सांगितलं. एक म्हातारे विणकर आहेत, त्यांना आता दिसत नाही, त्यांनी जन्मभर काढलेली चित्रं या एका वस्तूत आहेत, दुसरीकडे कुठंच उरलेली नाहीत.

आईनं हात जोडले, पाटावर अक्षता टाकल्या, बाबांची वाट न बघता डिस्क स्वतः उचलली आणि माझ्या हातात दिली. "जा. आणि गाडी सावकाश चालव."

वडगावात सुईनं खाचेतलं कुंकू काढलं. लॅपटॉपला लावली. दिवा लागला. थोडा वेळ काहीच नाही, मग पडद्यावर एकेक काठ उघडू लागला. पोपट, कमळं, रुईफुलं. मालक भिंतीला टेकून खालीच बसला.

मी आप्पांना एकेक चित्र सांगत गेले. ते नुसते मान हलवत होते, आणि मांडीवर बोटं हलत होती, चौकोन मोजल्यासारखी.

"पण हिला कुंकू कसलं?" मालकानं विचारलं. सांगणं भाग होतं. आमच्या पाटाची गोष्ट ऐकून त्याचा चेहरा उजळला. "बघा म्याडम! मग पूजेला आणायला काय झालं होतं? पुढल्या साली हितंच मांडू, सगळ्या एका ओळीत."

माझं डोकं पुन्हा फिरलं. आग, पाणी, चोरी, हे सगळं परत पहिल्यापासून सांगायला मी तोंड उघडलं.

"न्हाय," आप्पा म्हणाले. "ती लेकीगत हाय. दिल्या घरी ऱ्हाऊ दे तिला. तिथं पुजत्यात तिला."

मालकानं मान डोलावली. जे पटवायला मला वर्ष पुरलं नव्हतं, ते त्याला तिथल्या तिथं पटलं.