दमधरे बुवांचा पाचवा बार

विहिरीत सुरुंगाचे बार पेटवून वर आलेला माणूस पळतो, ओरडतो, निदान धापा तरी टाकतो. दमधरे बुवा यातलं काही करत नसत. ते एखाद्या मोहाच्या झाडाच्या आडोशाला उकिडवे बसत, उजवा पंजा पसरून समोर धरत आणि विहिरीत एकेक बार उडाला की एकेक बोट मिटत. सगळी बोटं मिटेस्तोवर त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही, मग तो विहिरीचा मालक का असेना. पाच बार भरले तर पाच आवाज आलेच पाहिजेत. चारच आले तर एक बार खडकात जिवंत बसलाय, हे त्यांचं सगळं शास्त्र.

दमधरे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. विहिरीचा खडक सुरुंगाने फोडणं हा त्यांचा धंदा आणि "दम धर ना बाबू" हे त्यांचं अष्टौप्रहर पालुपद, म्हणून लाखनीच्या बाजारात आम्हीच ते नाव चिकटवलं होतं. ते इतकं पक्कं बसलं की खऱ्या नावाने हाक मारली तर बुवा दुसऱ्याच कोणाला बोलावलं असेल असं समजून आपल्या वाटेने निघून जात.

माझी त्यांची गाठ पडली ती सन ऐंशीच्या सुमारास. माझ्याकडे ट्रॅक्टर होता आणि त्याला जोडलेला कॉम्प्रेसर. मी मशीनने खडकाला भोकं पाडायची, बुवांनी त्यात सुरुंगाचा मसाला भरायचा, अशी आमची जोडी जमली. त्याआधी ते घण आणि पहारीने हातानेच भोकं पाडत. माझ्या मशीनवर त्यांचा राग होता. "लय बोंबलते हे. खडक काय म्हन्ते थे आयकूच येत नाही," असं ते म्हणत आणि मी हसण्यावारी नेत असे.

कामावर आल्याबरोबर ते सगळ्यांच्या काडीपेट्या आणि बिड्या गोळा करून एका फडक्यात बांधून ठेवत. माझीही सुटका नसे. हा सराव अंगात इतका मुरला होता की एका लग्नाच्या मांडवात शेजारच्या अनोळखी पाहुण्याने बिडी काढली, तर बुवांनी नुसता हात पुढे केला. त्या बिचाऱ्यानेही मुकाट्याने काडीपेटी देऊन टाकली. आम्ही पोट धरून हसलो. बुवांना त्यात हसण्यासारखं काय आहे तेच कळेना.

आंधळगावला एकदा पाचातले चारच बार उडाले. बुवांनी काम थांबवलं आणि उद्या सकाळपर्यंत कोणी उतरायचं नाही म्हणून सांगितलं. मालक तापला. दिवसभराची मजुरी फुकट जाणार, वात विझली असेल, एवढं काय त्यात. बुवा शांतपणे म्हणाले, "तुमाले उतराचं असन तं उतरा पाटील, मी दोर धरतो." पाटील उतरला नाही. दुसऱ्या दिवशी पहिले उतरले ते बुवाच, कारण "पयला पाय माया" हा त्यांचा दुसरा नियम. आपण भरलेल्या खड्ड्यात दुसऱ्याला आधी पाठवणं त्यांना पाप वाटे.

पुढे पुढे ते मोजताना डावा तळवा जमिनीवर टेकवू लागले. मी विचारलं नाही. एक दिवस त्यांनीच मला बाजूला घेतलं. "बाबू, कान गेले माये. कोनाले सांगू नोको, काम बंद पडन. मी हातानं मोजतो, तू कानानं मोज. दोघाईचं जुळलं तंच उतरू." मला त्याचा फार अभिमान वाटला होता. आज ते आठवलं की स्वतःचीच किळस येते.

वैशाखात आमच्याकडे जिकडेतिकडे विहिरी खणल्या जातात आणि मजूर जेवायला वर आले की बार उडवतात. त्यामुळे शेजारच्या विहिरींनी आपसांत पाळ्या ठरवायच्या, एकाचे संपल्यावर दुसऱ्याने पेटवायचे, अशी रीत. अशाच एका वैशाखातल्या दुपारी बुवांनी दोन बांधांपलीकडच्या विहिरीवर आधी निरोप धाडला होता. मग आमचे पाच बार पेटले. एक, दोन, तीन, चार. मग काहीच नाही. आणि जरा वेळाने पाचवा आवाज आला, दबका, पलीकडून.

तो आपल्या विहिरीतला नाही हे मला कळलं होतं का? कळलं होतं. पलीकडच्यांनी पाळी मोडली होती आणि आमच्या विहिरीतून धुळीचा नवा लोटही उठला नव्हता. पण चार म्हटलं की काम उद्यावर, आणि उद्या सानगडीला माझ्या मेहुणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. बायकोने चार वेळा बजावलं होतं. मला आजच मोकळं व्हायचं होतं, एवढंच.

बुवांचा अंगठा अजून उभाच होता. "माह्या हाताले चारच लागले," ते म्हणाले.

मी मूठ मिटून दाखवली. जवळ जाऊन मोठ्याने म्हणालो, "पाचवा हलका उडाला बुवा. मी आयकला ना!"

त्यांनी जमिनीवरचा तळवा उचलला. मग "तुये कान नवे हायेत," म्हणाले आणि अंगठा मिटला. दोर धरून पहिले तेच उतरले. तळाला पोचले असतील नसतील, तोच पाचवा बार उडाला.

पंचनाम्यात मी सांगितलं, की त्यांना ऐकू येत नव्हतं. कोणाला सांगू नको म्हणालेली गोष्ट मी पोलिसांसमोर, मालकासमोर, वीस मजुरांसमोर सांगितली. आठवडाभरात पार साकोलीपर्यंत झालं, की म्हातारा बहिरा होता, गिनती चुकली. आजही त्या भागात बुवांची आठवण निघते ती अशीच निघते.

मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा मावशी, म्हणजे बुवांची बायको, ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. मान वर न करताच त्यांनी विचारलं, "तुमी होते न संग? लोकं म्हन्तात तशी त्याईची गिनती खरंच चुकली का?"

खरं सांगायचं म्हणूनच मी तिथवर गेलो होतो. तोंडातून निघालं, "हव मावशी."

त्यांचे हात थांबले. मग पुन्हा तांदळातून फिरू लागले. "मंग गेले थे बरंच झालं," त्या म्हणाल्या. "गिनती चुकल्यावर थे जगले नसते."

त्यांनी उठून माझ्यासाठी चहा मांडला आणि मी तो पिऊन आलो.