मध्यंतरातली पंधरा मिनिटं

मी निपाणीतल्या एका शाळेत पीटी शिकवतो आणि संध्याकाळी मुलींच्या फुटबॉल संघाचा सराव घेतो. माझी धाकटी बहीण त्याच संघात होती. चेंडू घेऊन ती कडेनं सुटली की तिला गाठणारी पोरगी आमच्या भागात नव्हती.

चिकोडीला अंतिम सामना होता. जानेवारीतली सकाळ, मैदानावर बोचरा वारा. पूर्वार्धात आम्ही एका गोलनं मागं पडलो. मी चिडलो होतो. मध्यंतर होताच सगळ्यांना कडेला बसवलं आणि एकेकीच्या चुका काढायला लागलो.

बहीण उभीच होती. मांडी चोळत म्हणाली, "अण्णा, पाय गार पडाय लागलेत. जरा पळून येऊ काय?"

"गप बस. पळायचं ते मॅचमध्ये पळा."

ती बसली. मी पंधराच्या पंधरा मिनिटं बोलत राहिलो. शिट्टी झाली तशा पोरी उठून सरळ आत गेल्या.

पहिलाच लांब पास तिच्याकडं गेला. ती सुटली, आणि चार-पाच पावलांतच मांडी मागून धरून खाली बसली. ओरडली नाही. मी पोचलो तेव्हा म्हणाली, "कायतरी तुटलं रं."

बेळगावच्या डॉक्टरांनी स्नायू फाटल्याचं सांगितलं. बसवल्यामुळं झालं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "नक्की सांगता येत नाही. पण थंडीत एवढा वेळ बसून एकदम जोरात पळायला नको होतं."

राज्य संघाची निवड चाचणी महिन्यावर आली होती. ती हुकली. पुढं तिनं खेळायची घाई केली, तोच स्नायू पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा तसंच झाल्यावर तिनं खेळ सोडला. आता ती बेळगावजवळ मच्छे गावात कारखान्यात कामाला आहे.

हल्ली मी मध्यंतरात थोडंच बोलतो. मग पोरींना उठवून पळवतो, उड्या मारायला लावतो, शेवटी दोन-तीन जोराच्या धावा. हे मला तेव्हाही माहीत होतं. प्रशिक्षणात शिकवलं होतं.

गेल्या महिन्यात ती सुट्टीला आली होती. परत जाताना तिला बसस्टँडवर सोडायला गेलो, तेव्हा एकदाचं बोललो, "माझ्यामुळं झालं गं ते."

"व्हय," ती म्हणाली. "मला ठाऊक हाय."

बस लागली. पिशवी घेऊन ती चढली आणि खिडकीतून हळूच म्हणाली, "आईला बोलू नको. माझंच चुकलं म्हणून सांगितलंय मी."